विमान विरुद्ध मिरची

दुष्काळी कामात चिंचखेड्याच्या माळावर धावपट्टी तयार झाली, तेव्हा ती कशासाठी, हे विचारायचे कोणालाच सुचले नाही. खडी फोडायला मिळाली, एवढे पुरेसे होते. पुढे पाऊस झाला, काम संपले, साहेब लोक धुळ्याला परत गेले आणि मागे उरली एक काळीभोर, सपाट, लांबलचक पट्टी. मिरच्या वाळवायला साऱ्या खानदेशात अशी जागा नाही, असे रुक्माबाईचे मत झाले. नवरा गेल्यापासून शेत तीच कसत होती. दोन हंगाम तिने मिरच्या तिथेच पसरल्या. तिला कोणी अडवले नाही, कारण अडवायला तिथे कोणी नव्हतेच.

जळगावचे अभयकुमार शेठ तेलगिरणीचे मालक. माणूस सरळ, पण हौशी. मुंबईच्या एका मित्राने विमान घेतले, म्हणून त्यांनीही दोन पंख्यांचे, चार जणांचे एक छोटे विमान घेतले. जळगावहून धुळ्याला मोटारीने जायला अर्धा दिवस मोडतो, अशी त्यांची तक्रार होती. विमानाने हा प्रश्न सुटला. फक्त चिंचखेड्याच्या माळावरून धुळे शहरात न्यायला मोटार लागणार होती, म्हणून ती आदल्या दिवशीच जळगावहून निघाली.

उतरण्याची परवानगी शेठजींनी रीतसर मागितली होती. अशा धावपट्टीची दप्तरी नोंद नसल्याने तिच्यावर उतरण्यास मनाई करण्याचा प्रश्न उद्भवत नाही, असे उत्तर आले.

विमान उतरले ते थेट मिरच्यांत. पंख्यांनी लाल ढग उठवला. वैमानिकाला शिंक आली, मग दुसरी, आणि तिसऱ्या शिंकेला विमान पट्टी सोडून सुपडू पाटलाच्या भुईमुगात घुसले. कोणाला खरचटलेही नाही. हार घेऊन उभी असलेली स्वागत समिती मात्र संध्याकाळपर्यंत शिंकत होती.

डोळे पुसत शेठजी खाली उतरले आणि मिरच्या कोणाच्या, असे त्यांनी विचारले.

"मिरच्या मन्या शेतस," रुक्माबाई पदर नाकाला लावून म्हणाली. "इमान कोनं शे?"

इथवर प्रकरण दोन माणसांचे होते. मग फौजदार आले. त्यांनी विमानाचा पंचनामा केला आणि उरलेल्या मिरच्या मुद्देमाल म्हणून जप्त केल्या. विमानास अपाय केल्याबद्दल शेठजींच्या नावाने रुक्माबाईवर दावा दाखल झाला. वर्षाची कमाई ठाण्यात आणि आपण कोर्टात, या विचाराने तिची झोप उडाली. ती धुळ्याला लीलाधर वकिलांकडे गेली. वकिलांनी सगळे शांतपणे ऐकले आणि पहिल्याच तारखेला एकच प्रश्न विचारला: ही जागा आहे कोणाची?

बांधकाम खात्याने कळवले की त्यांनी तिथे रस्ता केला आहे. तो कोठून कोठे जातो, हा त्यांचा विषय नाही. लीलाधर वकिलांनी लगेच वैमानिकाला विचारले की रस्त्यावर येताना हॉर्न वाजवला होता काय. विमानाला हॉर्न नसतो, असे त्याने सांगितले. न्यायाधीशांनी ते गंभीरपणे लिहून घेतले. महसूल खात्याने मात्र रस्ता अमान्य केला. त्यांच्या मते ते गायरान होते आणि आहे.

हे ऐकून सुपडू पाटील उभा राहिला. गायरानातून सुटून जे कोणी दुसऱ्याच्या पिकात शिरते, त्याची जागा कोंडवाड्यात, एवढा कायदा त्याला पाठ होता. कोर्टाला यात काही गैर दिसले नाही. विमान कोंडवाड्यात मावेना, म्हणून कोंडवाडा विमानाभोवती बांधण्यात आला. राखणदाराने रिवाजाप्रमाणे सकाळ-संध्याकाळ चारा-पाणी ठेवले. विमान काही खात नाही, असा अहवाल गेल्यावर गुरांच्या डॉक्टरांना पाचारण करण्यात आले. त्यांनी विमानाला विश्रांतीची शिफारस केली.

शेठजी आता तारखेला एसटीने येऊ लागले. कोर्टाच्या ओट्यावर ते आणि रुक्माबाई शेजारी बसत. तिची भाकरी त्यांना आवडली, त्यांनी आणलेल्या चिवड्यात तिला मीठ कमी वाटले. कोणत्या तारखेला ती त्यांना भाऊ म्हणू लागली आणि ते तिला अक्का, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. शेवटी शेठजी म्हणाले की चूक आपलीच होती, मिरच्या भरून देतो. रुक्माबाई म्हणाली की तिलाही शिंकणाऱ्या माणसाशी भांडायचे नाही. दोघांनी मिळून तडजोडीचा अर्ज दिला.

सरकारी वकिलांनी तीव्र विरोध केला. दोन खाती आपली बाजू मांडत असताना वादी-प्रतिवादींनी परस्पर समेट करणे हा कोर्टाचा अवमान आहे, असे ते म्हणाले. अर्ज फेटाळला गेला.

"भाऊ, आपला झगडा मिटी गया," रुक्माबाई पायरी उतरताना म्हणाली. "यास्ना काही मिटत नही."

शेठजी हसले. तिच्यासोबतच्या कोर्टाच्या तारखा आता सुटल्या तर करमणार नाही, अशी भीती त्यांना वाटू लागली होती.

अखेर न्यायाधीशांनी तोडगा काढला. जागा खात्यांची नाही, शेठजींची नाही, बाईची नाही; तेव्हा ती जनतेची असली पाहिजे. म्हणून जनतेला जाहीर नोटीस काढण्यात आली: सदर अपघाताची जबाबदारी आपली नाही असे ज्यांचे म्हणणे असेल, त्यांनी मुदतीत लेखी कळवावे, न कळविल्यास जबाबदारी मान्य आहे असे समजले जाईल.

मुदत संपली. एकही पत्र आले नाही.

निकाल लागला. विमान सुटले, मिरच्यांचे पैसे रुक्माबाईला मिळाले, भुईमुगाचे सुपडूला, आणि दोन्ही खात्यांना त्यांच्या चिकाटीबद्दल प्रशस्तिपत्रे. सगळा खर्च जनतेवर बसला. तो कोणत्या कराच्या पोटात घातला आहे, हे पाहायचे असल्यास आपली पावती काढून पाहावी.

नोटीस तीन दिवस लागोपाठ वर्तमानपत्रात छापून आली होती, तिसऱ्या पानावर. आपण दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर गेलात. तिथे सिनेमाच्या जाहिराती होत्या.