पहिल्या पाणवठ्याचा कौल

एका जंगलात वाघालासुद्धा निवडून यावं लागायचं. हसू नका, बाळांनो. मीही हसलो होतो, पण मी कशालाही हसतो. शाळेत गुरुजींनी 'धोका' हा धडा काढला, तेव्हा मी चरायला निघून गेलो. पुढचं शिक्षण राहूनच गेलं.

तर वाघाविरुद्ध गवत खाणाऱ्यांचा एकच उमेदवार उभा राहणार होता. तो कोण, हे आधी आपापसात ठरवायचं होतं. जंगलात पाच पाणवठे. एकेका पाणवठ्यावर पाळीपाळीने मतदान. पहिलं मोहाच्या पाणवठ्यावर, दुसरं बेहड्याच्या, आणि असं पुढे. जास्त पाणवठे ज्याच्या बाजूने, तो उमेदवार.

आणि एक रीत होती. जो आघाडीवर असेल, त्याने पाण्यात पहिला पाय टाकायचा. तो पिऊन मान वर करेपर्यंत बाकीच्यांनी काठावर थांबायचं. हा फार मोठा मान समजत. वाघ पाणवठ्याशीच दबा धरून बसतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर मान मोठा होता.

माझा दादा चितळ होता. चितळ मीही आहे, पण चितळ कशाला म्हणतात ते दादाकडे पाहून कळायचं. त्याची शिंगं लांब होती आणि बोलणं थोडं. पाडसांचं तोंड कोवळ्या पाल्यापर्यंत पोचत नाही म्हणून तो फांद्या वाकवून धरायचा. मी त्या फांद्यांचा पाला खायचो.

मतदानाआधी टिटवीने पाहणी केली. टिटवी मोठी अभ्यासू. आकाश पडलं तर झेलता यावं म्हणून ती पाय वर करून झोपते. एवढी तयारी असणाऱ्या पक्ष्यावर कोण शंका घेईल? ती पहिल्या दोन पाणवठ्यांवर फिरली आणि ओरडत आली, "चितळ पुढे! चितळ पुढे! दहातले सहा चितळाच्या बाजूने!"

मी चार उड्या मारल्या. पाचवीला बांबूत अडकलो.

"दादा, झालास तू राजा!"

"अजून एकही मत पडलेलं नाही," दादा म्हणाला.

"टिटवी म्हणते ना!"

"टिटवीने विचारलं काय होतं?"

"पुढे कोण असावं, असं विचारलं."

"आणि विचारलं कुठे?"

"काठावर. सगळे रांगेत उभे होते."

"हं," दादा म्हणाला.

त्या 'हं'चा अर्थ मला लागला नाही. मी तो 'हो' असा घेतला आणि घोषणा देत फिरलो.

वाटेत गवेराव भेटले. गवेराव म्हणजे रानगवा. दादाच्या दसपट अंग, मान हलवली तर झाड हलतं. तेही इच्छुक होते. पाहणीत दुसरे आले होते. मला वाटलं, रागावले असतील. पण त्यांचा चेहरा खुलला होता.

"धाकटे चितळ, अभिनंदन! आमची खात्रीच होती."

"तुम्ही हरताय, गवेराव."

"लोकांचा कौल आहे, बाबा. आम्ही दुसऱ्या जागेवर समाधानी आहोत. तिसऱ्या जागेवर गेलो तरी तक्रार नाही."

मी दादाला येऊन सांगितलं, "गवेराव किती मोठ्या मनाचे आहेत!"

दादा बराच वेळ रवंथ करत राहिला. मग म्हणाला, "धाकल्या, मी माघार घेतली तर?"

"वेड लागलंय का? जिंकणारा कधी माघार घेतो?"

"मग कळपाने पाणी कसं प्यायचं?" असं तो म्हणाला, पण मला नाही. स्वतःलाच म्हणाला. समोर पाडसं कोरडी जीभ काढून उभी होती. दादा उठला.

मोहाच्या पाणवठ्यावर सगळे आले. सगळे मागे थांबले. दादाने पाण्यात पाय टाकला. मी सगळ्यात मोठ्याने ओरडलो, "चितळ पुढे!"

वाघ बांबूच्या बेटातून आला. आकडे त्यानेही ऐकले होते.

यापुढचं मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात. मीही फार मोठा नाही.

वाघ दादाला घेऊन गेला, तसे सगळे पाणी प्यायले. मीही प्यायलो. तहान लागली होती, बाळांनो. पाणी गोड होतं, आणि मला स्वतःची किळस आली, आणि मी आणखी प्यायलो.

मग रीतसर मतदान झालं. दादाच निवडून आला. गवेराव गहिवरून म्हणाले, "पहिला पाणवठा त्यांचाच." कोणाचीच हरकत नव्हती.

मी टिटवीवर धावून गेलो. "तू म्हणालीस तो जिंकेल!"

"मी म्हणाले, तो पुढे आहे," टिटवी पंख नीट करत म्हणाली. "होता की नाही पुढे? आकडा बरोबर आला."

"आता मी काय करू?"

"तुला बेहड्याच्या पाणवठ्यावर सहानुभूती आहे. मी आत्ताच विचारून आले. दहातले आठ."

मला रडू येत होतं. शिंगं झाडावर आपटावीत, कळप सोडून निघून जावं, असं वाटत होतं. आणि तरी तोंडातून निघून गेलं, "आठ? खरंच?"

"आठ. नववाही विचार करतोय."

गवेराव जवळ आले. त्यांनी माझी मान चाटली. "धाकटे चितळ, आम्ही सगळे तुमच्या मागे आहोत."

खरं सांगतो, बरं वाटलं. दादा गेल्यापासून माझ्याशी कोणी एवढं प्रेमाने बोललं नव्हतं.

आता बेहड्याचा पाणवठा आलाच. तो काय, समोर. चला, पाडसांनो, तुम्ही इथेच थांबा. थोडं आणखी मागे. मी मान वर केल्याशिवाय कोणी पुढे यायचं नाही. मी वळून पाहिलं, तर कळप केवढा मोठा दिसतोय! इतका पाठिंबा दादालाही नव्हता.

तात्पर्य : जो आघाडीवर आहे, त्याच्या मागे नेहमी ठामपणे उभं राहावं. अंतर मात्र सोडावं.