काले अबू

पूल आला की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकणारा, हॉर्न वाजवणारा आणि शेजारी बसलेल्या बायकोच्या हातात लिंबू देणारा माणूस अख्ख्या बडोद्यात एकच. आमचे जगतापकाका. पूल अकोट्याचा. काकांच्या लेखी मात्र तो माउंट अबूचा घाट होता.

"बडोदं म्हणजे नुसतं पोळपाट," काका म्हणायचे. "इथे चढ आणायचा कुठून? प्रॅक्टिस तर केली पाहिजे ने!" म्हणून दर रविवारी सकाळी मांजलपूरच्या आमच्या सोसायटीतून त्यांची पांढरी गाडी निघायची. काकू ठेवणीतली साडी नेसून शेजारी. पूल चढायचा, उतरायचा, वळून परत चढायचा. मागचे स्कूटरवाले वैतागून ओरडायचे. काका खिडकीतून हात काढून शांतपणे सांगायचे, "भाई, घाट छे!"

मी नाशिकहून बदली होऊन नवा नवा आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी ते जिन्यात भेटले. हातात नकाशा. "काले अबू! सात दिवस!" मला वाटलं, कालच जाऊन आले. विचारलं, "कसं आहे हो अबू?" झालं! पाऊण तास जिन्यात उभा. पालनपूर सोडलं की डोंगर कसे दिसायला लागतात, चंद्रावतीच्या पडक्या देवळांतल्या मूर्तींचे हात कसे तुटलेत, अचलगडाच्या पायऱ्या कशा दमवतात, देलवाड्याची छतं बघून मान कशी आखडते. ("म्हणून चौथ्या दिवशी मानेला तेल. दुसरं काहीच नाही.")

दुसऱ्या दिवशी काकूंना विचारलं, "काय, अबू आवडलं का?" काकू पोट धरून हसल्या. "अहो, गेलोय कुठे? गुजरातीत काल पण काले नि उद्या पण काले. ह्यांचं उद्याचं काले. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी."

काकांची सगळी नोकरी नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात, मेन्टेनन्सला. तिथे परमिटवर सगळ्या सह्या झाल्याशिवाय साधा नट फिरवायचा नाही. रिटायर झाले तरी ते अंगातून गेलं नाही. त्यांनी अबूचं परमिट तयार केलं होतं. ब्रेक, टायर, घरातल्या गॅसचं बटण, काकूंच्या गुडघ्यांचा मलम, हवामान. प्रत्येक रकान्यापुढे काकूंची सही. काकूही चष्मा लावून इमानदारीत सह्या करायच्या. आणि हवामानापाशी गाडी अडायची. पावसात घाट निसरडा, थंडीत धुकं, उन्हाळ्यात इंजिन तापतं. "सात दिवस जायचं तर सगळं बराबर पाहिजे. काले जाऊ." की परमिट रद्द!

सोसायटीत चेष्टा चालायची, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे. "काय काका, मंजूर झालं का परमिट?"

एका दुपारी काकू वाटीत श्रीखंड घेऊन दारात आल्या. वाटी दिली तरी हलेनात. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, गाडी तुम्ही चालवाल? हे घाटाला घाबरतात हो. कुणाला सांगू नका. मला फार काही नको. खिडकीतून डोंगर बघेन, ती तुटक्या हातांची देवळं बघेन. गुडघे चालतायत तोवर."

मी म्हटलं, "नक्की, काकू! ऑफिसात ऑडिट आहे, तेवढं आटपलं की पुढच्या महिन्यात."

काकू हसल्या. "म्हणजे तुम्हीही बडोद्याचे झालात. काले!"

ऑडिट आटपलं. मग मुलीची परीक्षा आली. मग काकूंना ताप आला. साधा ताप म्हणता म्हणता हॉस्पिटल, आणि आठव्या दिवशी काकू गेल्या. काकांसोबत तिथे थांबायला मी सात दिवसांची रजा काढली होती. मागितली आणि साहेबांनी लगेच दिली. इतकं सोपं होतं ते. आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढे महिनाभर ती पांढरी गाडी कव्हरखाली होती. मग एका रविवारी काका कव्हर काढताना दिसले. मी न विचारता शेजारी जाऊन बसलो. पूल आला. दुसरा गिअर, हॉर्न. आणि समोर बघत बघतच काकांनी खिशातून लिंबू काढून डावीकडे धरलं. मी ते घेतलं. दुसरं काय करणार?

पूल उतरल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि पुढच्या कप्प्यातून कागद काढून माझ्या हातात दिला. परमिट. सगळ्या रकान्यांत काकूंच्या सह्या. हवामानापुढेही, जिथे काका कधीच करू द्यायचे नाहीत तिथे, वळणदार अक्षरात सही होती.

"गुपचूप करून ठेवली होती तिने," काका म्हणाले. "मी ही घडी उघडलीच नाही ने."

मी म्हटलं, "काका, घाट मी चढवतो. तुम्ही नुसतं बसा. बोला, अबूला कधी निघायचं?"

काकांनी परमिटाची घडी घातली. मला वाटलं, नेहमीचं ते उद्याचं 'काले' म्हणतील. म्हणावं, अशी मनापासून इच्छा होती माझी.

"काल," काका म्हणाले. चक्क आमच्या नाशिकच्या मराठीतलं काल.