मच्छरदाणीतला कांदा

किसनरावांचा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला. पण रिटायर होऊन सुलतानपूरला घरी आले आणि बघता बघता शेतीतलं सगळं त्यांना कळायला लागलं! गावातल्या शेतकऱ्यांना तेवढं अजून ते पटलं नव्हतं.

दसऱ्याला व्याही सहदेवराव पिंपळगाव राजाहून सोनं द्यायला आले. चहा पिता पिता म्हणाले, "इवाईबुवा, तिकीट फाडणं येगळं आन कांदा पिकवणं येगळं."

झालं! किसनरावांनी कपबशी खाली ठेवली.

"असं? मंग माघात भरीत खायले या. गल्लीले बी बोलावतो. कांदा माह्या परसातला! नाई निघाला तर साऱ्या पंगतीचा कांदा मी चिरतो!"

"आन निघाला तर मी चिरतो!" सहदेवरावही मागं हटणारे नव्हते.

आतून गोजरबाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. ज्या माणसानं लग्न झाल्यापासून विळीला पाय लावला नाही, तो गल्लीचा कांदा चिरणार! पण नवऱ्याची लाज ती आपली लाज. त्यांनी उन्हाळ्यापासून राखलेली बारीक कांद्यांची टोपली आणून समोर ठेवली.

"ह्या चिंगळ्या लावा. थंडीत चांगल्या पोसतात."

"सुपारीएवढं लावून काय सुपारीच काढू? त्या भागवताले पाय! निवडून निवडून थोराड कांदे लावून राह्यला."

भागवत म्हणजे बोळापलीकडचा शेजारी. तो एका कंपनीसाठी कांद्याचं बियाणं पिकवायचा. किसनरावांनी त्याची लावणी कुंपणावरून अगदी लक्ष देऊन पाहिली होती. फक्त तो ते थोराड कांदे कशासाठी लावतो, एवढंच विचारायचं राहिलं होतं. जाणत्या माणसानं विचारायचं तरी कसं!

गोजरबाईंनी उन्हाळ्यापासून आढ्याला टांगलेले पांढरे, मुठीएवढे कांदे किसनरावांनी खाली उतरवले आणि परसात खाटेएवढा वाफा करून लावून टाकले. गोजरबाई चिंगळ्यांची टोपली उचलून न्हाणीच्या मागं निघून गेल्या.

आणि कांदा असा तरारला म्हणता! संक्रांत उलटली तशी पातीतून जाडजूड डेंगळे वर निघाले आणि त्यांच्या टोकाला गोल गोल बोंडं धरली. किसनरावांनी त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढला आणि व्याह्यांना पाठवला. 'वर एवढा जोर, तर खाली काय असेल!' असं खाली लिहायला विसरले नाहीत.

बोंडं फुलली त्या दिवशी भागवत धापा टाकत आला.

"काका, ते डेंगळे मोडा!"

"काऊन बे?"

"तुमचा पांढरा, माहा लाल. मधमाशी तुमच्या फुलावरून माह्या फुलावर येते. माहं सारं बियाणं मिसळते! कंपनीची मॅडम पाह्यले येणार हाये, प्लॉट नापास करते ना ती!"

"मंग मधमाशीले सांग. मी काय तिले तिकीट देऊन राह्यलो तिकडचं?"

भागवत पाया पडायचा बाकी राहिला. पण किसनरावांच्या मनात पाल चुकचुकली. पोरगं जळतंय! याची नजर लागली तर संपलंच! ते तडक घरात गेले, खाटेवरची मच्छरदाणी सोडली आणि वाफ्याच्या चारी कोपऱ्यांना काठ्या रोवून वर ताणून बसवली. वरून लिंबू-मिरची बांधली.

"आन आपण कसं झोपायचं?" गोजरबाईंनी विचारलं.

"पंखा लाव."

पंख्याला वीज लागते आणि वीज तिच्या मर्जीनं येते. डासांची तेव्हापासून दिवाळी सुरू झाली. किसनराव रात्रभर स्वतःच्याच थोबाडीत मारून घेत होते, पण कांदा सुखात होता.

भरिताचा दिवस उजाडला. सहदेवराव सकाळच्या गाडीनं हजर. परसात वांगी भाजायला टाकली, गल्ली जमली आणि नेमकी त्याच वेळी भागवताच्या शेतात कंपनीची मॅडम आली. फिरत फिरत ती कुंपणाशी थबकली. भागवताचा चेहरा पार उतरला.

"हे कोणी केलं?"

"म्या!" किसनराव छाती काढून पुढं झाले.

"वा! फुलं झाकलीत, म्हणजे मधमाशीचा प्रश्नच मिटला. भागवतभाऊ, तुमचा प्लॉट पास!"

भागवतानं खरंच किसनरावांचे पाय धरले. "शास्त्र हाये ते," किसनराव म्हणाले आणि व्याह्यांकडे तिरक्या नजरेनं पाहिलं.

"मानलं बुवा," सहदेवराव म्हणाले. "आता काढा कांदा."

किसनरावांनी मच्छरदाणीची कड उचलली, एक डेंगळा धरून ओढला. मुळ्या आल्या, माती आली, वाळकी टरफलं आली. कांदा काही आला नाही! दुसरा उपटला, तोच प्रकार. तिसऱ्याला तर त्यांनी हातानं माती उकरून पाहिली.

"काका, हा बियाण्याचा कांदा," मॅडम म्हणाली. "थोराड कांदा थंडीत लावला की फुलावर जातो. खाली काय राहणार?"

गल्ली खो खो हसली. "कंडक्टरसाहेब, विळी घ्या!" सहदेवराव ओरडले. किसनरावांना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

तेवढ्यात न्हाणीच्या मागून गोजरबाई आल्या. टोपलीत ताजे, पांढरेशुभ्र, गरगरीत कांदे! त्याच सुपारीएवढ्या चिंगळ्या न्हाणीच्या पाण्यावर पोसल्या होत्या.

"म्हंजे परसात निघाला की! हरलो मी," सहदेवरावांनी हात जोडले.

"मी म्हणत होतो ना!" किसनरावांच्या अंगात पुन्हा जीव आला.

"कांदा परसातला हाये, पण यांचा नाई," गोजरबाई म्हणाल्या आणि दोन विळ्या आणून ठेवल्या. "बसा दोघं बी!"

दोन्ही व्याही मांडीला मांडी लावून बसले आणि गल्लीभराचा कांदा चिरता चिरता नाकाडोळ्यांतून वाहायला लागले. पंगत मात्र झकास झाली.

दिवेलागणीला मुक्कामाच्या व्याह्यांना डास फोडून काढायला लागले.

"इवाईनबाई, मच्छरदाणी नाई काय हो?"

"हाये ना. कांद्याले हाये."

ती काढावी तर भागवताचं बियाणं बाटणार, न काढावी तर व्याही सुजणार! किसनराव मुकाट्यानं विळा घेऊन परसात गेले आणि एकेक डेंगळा स्वतःच्या हातानं कापला. खोटं कशाला सांगा, त्यांना फार वाईट वाटलं. मग मच्छरदाणी झटकून त्यांनी व्याह्यांच्या खाटेवर बांधली.

सहदेवराव आत शिरले आणि नाकाला धोतर लावून ओरडले, "इवाईबुवा, हिले कांद्याचा वास मारून राह्यला!"

किसनरावांचा चेहरा विळीवर बसल्यापासून पहिल्यांदाच खुलला.

"मारते ना? मंग आता तरी माना! तो माह्या वाफ्यातलाच हाये!"