गोदूमावशीचे परके भाचे

एका जंगलात, मुलांनो, वाघ उरला नव्हता. पण खाती भरपूर होती. त्यातलं एक पोरक्या पिल्लांचं. त्याचे साहेब होते बगळे. ते एका पायावर उभे असत. दुसरा पाय वरिष्ठांकडे मंजुरीला गेलेला असे.

त्याच जंगलात गोदूमावशी नावाची कावळी आंब्यावर राहायची. वादळात तिची बहीण गेली आणि बहिणीची दोन पिल्लं, ठकी आणि गुंड्या, हिच्या पदरात पडली. पिल्लं मोठी गोड, पण चोच मिटायचं नाव घेत नसत. पितृपक्षाचा पंधरवडा सोडला तर कावळ्याला विचारतो कोण? मावशी स्वतः उपाशी राहून त्यांना भरवायची. शेवटी ती खात्यात गेली.

"साहेब, पिल्लांपुरते दाणे मिळाले तर उपकार होतील."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"सख्खी मावशी."

"अरेरे! मग कसं जमायचं?" बगळेसाहेब हळहळले. "परक्याचं पिल्लू सांभाळलं तर भत्ता. तुम्ही जीव लावून सांभाळणार, ते फुकटच असतं. झेपत नसेल तर सरकारी ढोलीत टाका. तिथे पिल्लामागे पोतंभर दाणे देतो आम्ही."

"मग त्यातले चोचभर मलाच द्या की!"

"छे! तुम्ही पडलात नात्यातल्या. सोमवारी पाहणीला येतो. पिल्लं रोडावलेली दिसली तर उचलून नेऊ. एक या ढोलीत, एक त्या ढोलीत."

मावशी रडतच परतली. वाटेत शेजारची साळूकाकू भेटली. तीही कावळीच, पण अंगानं कशी टुमटुमीत!

"माझ्या घरट्यात कोकिळेनं अंडं टाकलं ना गं," काकू म्हणाली. "परकं पोर! महिन्याच्या महिन्याला पोतं येतं."

मावशी थबकली. मग डोळे पुसून खुदकन हसली. पिल्लं काय, इकडचीही काळी, तिकडचीही काळी!

मग आंब्यावर तालीम सुरू झाली.

"म्हणा, कुहू!"

"काव!"

"कुहू रे, मेल्या!"

ठकीला जमलं. गुंड्याला मात्र नुसता ठसका लागायचा.

सोमवारी बगळेसाहेब आले. मागचं बोलणं कागदावर नव्हतं, म्हणजे त्यांच्या लेखी झालंच नव्हतं. "ही पिल्लं तुमची कोण?"

"कोण कसली, साहेब? कोकिळा टाकून गेली. तोंड बघवत नाही मला या कार्ट्यांचं!" हे म्हणताना मावशीचा आवाज चिरकला. साहेबांना तो राग वाटला. त्यांनी समाधानानं मान डोलावली.

"कुहू," ठकी म्हणाली.

गुंड्यानं छाती फुगवली, डोळे मिटले आणि जीव खाऊन ओरडला, "काव!"

मावशीनं घाईघाईनं त्याच्यापुढे पंख पसरला.

बगळेसाहेबांचे डोळे पाणावले. "अरेरे! परक्या घरात लेकराची मातृभाषाच सुटली! याला दुप्पट भत्ता. आणि कोकिळभाषेची शिकवणीही लावा!"

साहेब उडाले. गुंड्या मावशीच्या पंखाखाली शिरला.

"आता तुला मावशी म्हणू?"

"म्हण रे राजा, पोटभर म्हण. फक्त सोमवारी नको."

बातमी फांदीफांदीवर पोचली आणि घरट्याघरट्यात कुहूची तालीम सुरू झाली. वर्षअखेरीस खात्यानं जाहीर केलं, की जंगलात कोकिळा बेसुमार वाढल्या असून कावळे नामशेष होत आहेत. बगळेसाहेबांचा सत्कार झाला आणि कावळे वाचवायला नवीन खातं उघडलं.

तात्पर्य : पोरांवर माया जरूर करावी, पण साहेबांना कळू देऊ नये. ते ती भत्त्यातून कापून घेतात.