खांबेटेकाकांचा साक्षीदार

खांबेटेकाका दर शनिवारी दुपारी एका मेलेल्या पाद्र्याला चहा द्यायचे.

आम्ही परदेशातल्या या फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात राहायला येऊन महिना झाला असेल. शेजारच्या खांबेट्यांचं एक पार्सल चुकून आमच्या दारात पडलं होतं, ते द्यायला मी गेले. आमच्या भागात दुपारी चिटपाखरू नसतं. मोठमोठी नवी घरं, गॅरेजची दारं बंद, लांबून मोटरवेची घरघर. एवढ्या शांततेत माणसाचा आवाज फार स्पष्ट येतो. आत दोघेजण बोलत होते.

"पण तुम्हाला कुणी छळलं का? खरं सांगा," एक किनरा आवाज.

"नाही रे बाबा," दुसरा. जाड, म्हातारा, मध्येच खाकरणारा. "मला कोण कशाला छळेल?"

मी बेल वाजवली. दार उघडलं ते साठीच्या एका किडकिडीत गृहस्थांनी. पायात मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. आत दुसरं कुणीच नव्हतं. समोरासमोर दोन वेताच्या खुर्च्या, मध्ये टीपॉय, त्यावर चहाचे दोन कप. दोन्ही अर्धे प्यायलेले.

"तुमचे पाहुणे?" मी विचारलं.

"पाहुणे नाहीत, साक्षीदार आहेत. बस ना. त्या खुर्चीत मात्र नको."

मी उभ्यानेच पार्सल दिलं आणि घरी आले. माझा नवरा निखिल म्हणाला, "एकटा माणूस आहे, रेडिओ ऐकत असेल." पुढच्या शनिवारी तो मागे गवत कापत होता. मशीन बंद करून जरा वेळ कुंपणापाशी उभा राहिला आणि आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "रेडिओ नाहीये," एवढंच म्हणाला.

हळूहळू उलगडा झाला. खांबेटेकाका विजेच्या कंपनीत इंजिनियर, मूळचे साताऱ्याचे, लग्न केलेलं नाही. नोकरी पोटासाठी. जीव सगळा एकोणिसाव्या शतकात. त्यांचं एक मोठं पुस्तक कायम 'होत आलेलं' असे. त्यात त्यांना एकच गोष्ट सिद्ध करायची होती, की विज्ञान आणि धर्म यांचं ते गाजलेलं युद्ध झालंच नाही.

"खडक मोजणारे पाद्री, फुलपाखरं टोचून ठेवणारे पाद्री, ताऱ्यांचे तक्ते करणारे पाद्री," ते बोटांवर मोजत. "सकाळी प्रार्थना, दुपारी सूक्ष्मदर्शक. खटके उडाले, नाही असं नाही. पण युद्ध? युद्ध नंतर लिहिलं गेलं. त्याच शतकातल्या इतिहासकारांनी. स्वतःचा कुठेतरी बिनसलेला हिशोब होता, त्यांना शत्रू हवा होता. मग मागे जाऊन त्यांनी रणांगण आखलं!"

यातूनच त्यांचा तो प्रसिद्ध प्रश्न आला होता. "लिहिलं कुणी?" कुणी काहीही सांगितलं तरी काका पहिल्यांदा हे विचारत. गणपतीत कुणी म्हणालं, "काका, मोदक मस्त झालेत, सगळे म्हणतायत," की काका, "सगळे म्हणजे कोण? लिहिलं कुणी?" डेन्टिस्टने दाढ काढायला हवी म्हटलं, तर एक्सरेकडे बोट दाखवून, "हे ठीक. पण खाली हा मजकूर लिहिला कुणी?" सँडरिंगहॅमच्या देशी बाजारातल्या मिठाईवाल्याने त्यांना पाहिलं की तो पेढ्यांच्या ट्रेमधली 'आजचे ताजे' ही पाटी उपडी घालत असे.

पाद्री त्यांना दक्षिणेकडच्या एका जुन्या लाकडी चर्चच्या आवारात सापडला होता. थडग्यावरचं नाव झिजून गेलेलं. खाली एवढंच वाचता येत होतं की हे गृहस्थ धर्मोपदेशक होते आणि शंखशिंपल्यांचे अभ्यासक होते. काकांनी त्या दगडासमोर छत्री धरून अर्धा दिवस काढला. मग त्यांना वाटलं, इतिहासकाराने साक्षीदाराला विचारायला काय हरकत आहे? साक्षीदार नाही बोलत, तर त्याच्या वतीने आपण बोलावं. असं ते सुरू झालं.

"नाटकच आहे गं," ते मला म्हणाले. "मी विचारतो आणि मीच उत्तर देतो. विचार करायची एक रीत आहे."

"पण पाद्रीबुवा 'नाही रे बाबा' कसं म्हणतात?"

काका जरा गोंधळले. "ते... तसंच येतं. मी ठरवत नाही."

या माणसाची दुसरी खासियत म्हणजे ग्रहणाची गोष्ट. मराठी मंडळी जमली की ती व्हायचीच. काकांचे वडील, अण्णा, शाळेत विज्ञान शिकवत आणि संध्याकाळी देवळात कीर्तन करत. काका कॉलेजात असताना भर दुपारी मोठं सूर्यग्रहण लागलं. सगळं गाव दारं लावून घरात बसलं. काकांनी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन पोहे केले, ताटली घेऊन अण्णांसमोर बसले आणि घास घेतला. अण्णांनी ताटली उचलून अंगणात भिरकावली. "या घरात एकतर ग्रहण पाळलं जाईल, नाहीतर तू राहशील!" त्याच संध्याकाळी काकांनी घर सोडलं. पुन्हा बापाचं तोंड पाहिलं नाही. बाप गेला तेव्हासुद्धा गेले नाहीत.

गोष्ट ते फार रंगवून सांगत. भिरकावलेल्या ताटलीचा खणखणाट तोंडाने काढत.

एकदा निखिलने सहज गंमत केली. "काका, अख्ख्या शतकात कुठेच युद्ध नाही आणि नेमकं तुमच्या स्वयंपाकघरात झालं? लिहिलं कुणी?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. ताट तसंच ठेवून उठले आणि निघून गेले.

त्यानंतर शनिवारचं वेगळंच होऊ लागलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू यायचं. आधी काका विचारत आणि पाद्री उत्तर देत असे. आता पाद्रीच विचारू लागला होता. शब्द नीट कळत नसत, पण तो जाड आवाज शेवटाला वर चढायचा आणि काकांचा आवाज मध्येच तुटायचा. माझी लेक त्या बाजूला सायकल न्यायची बंद झाली. "देअर्स अ ग्रँडपा इन देअर," ती म्हणाली. मी म्हटलं, खांबेटेआजोबाच आहेत गं ते. ती म्हणाली, "नॉट हिम, द अदर वन."

मग जुलैत काकांचा घसा बसला. साधा नाही, पार बसला. मी मऊ भात आणि तूप घेऊन गेले तेव्हा ते पांघरूण घेऊन खुर्चीत बसले होते. तोंडातून नुसती हवा येत होती. हातवारे करून त्यांनी मला ताटली कुठे आहे ते सांगितलं. मी आत जाऊन भात गरम करायला ठेवला. मायक्रोवेव्ह फिरत होता. आणि बाहेरच्या खोलीतून तो आवाज आला. जाड, स्वच्छ, कसलीही खरखर नसलेला.

"वाट पाहिली रे."

मी बाहेर आले. काका तसेच बसलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. पुन्हा नुसती हवा.

मी भात वाढला आणि घरी आले. निखिलला सांगितलं नाही. काय सांगणार होते?

सप्टेंबरात काकांची थोरली बहीण आली, कुमुदताई. साताऱ्याहून पहिल्यांदाच परदेशात. ठेंगणी, बोलकी बाई. आल्याआल्या तिने काकांचे मोजे-जँडल्स बघून कपाळाला हात लावला. शनिवारी काकांनी तिला आमच्याकडे पाठवलं. "मला दुपारी जरा काम असतं. तू मीनलकडे चहा घे."

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. कुमुदताई इथल्या दुधाची साय किती पातळ, हे सांगत होती. खिडकी उघडी होती, ती बंद करायला हवी हे माझ्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता.

शेजारी ते खाकरणं झालं. मग आवाज.

कुमुदताईने कप बशीत ठेवला. "अण्णा?" ती म्हणाली.

"मावशी, ते काकाच बोलतात. एक पाद्री आहे, त्याचं—"

"पाद्री कसला? अण्णा खाकरतायत. कीर्तनाच्या आधी असेच खाकरायचे." ती उठून चालायला लागली. पायात काही न घालता गवतातून गेली. मी मागे धावले.

दार उघडंच होतं. काका एका खुर्चीत होते, दुसरी रिकामी. कुमुदताईला पाहून ते गप्प झाले.

"विदू, काय चाललंय हे?"

"काही नाही, ताई. पुस्तकाचं काम."

"अण्णांना कशाला बसवलंस इथे? भांडतोस त्यांच्याशी?"

"भांडण जुनंच आहे," काका म्हणाले. "तू होतीस की. ग्रहणाच्या दिवशी."

"काय झालं ग्रहणाच्या दिवशी?"

काकांनी सांगितलं. ताटली, अंगण, सूर्य. पण या वेळी खणखणाट काढला नाही. कुमुदताई त्यांच्याकडे बघतच राहिली.

"अरे, पोहे अण्णांनी केले होते," ती म्हणाली. "आई चिडली. अण्णा म्हणाले, पोराची परीक्षा आलीये, त्याला उपाशी ठेवू नका, माझं मी पाळतो. तुला वाढून दिले आणि स्वतः माजघरात जपाला बसले. ताटली कुणी फेकली? आपल्याकडे पितळेची एकच ताटली होती, अजून आहे माझ्याकडे. घर सोडलंस ते नोकरी लागल्यावर. स्टँडवर तुझी वळकटी अण्णांच्या खांद्यावर होती."

मी दारातच उभी होते. जाताही येईना.

"मग मी का गेलो नाही, ताई?" काका म्हणाले. "ते आजारी होते तेव्हा. भांडण नव्हतं तर मी का गेलो नाही?"

कुमुदताई त्यांच्यापाशी जमिनीवरच बसली. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"येतो, येतो म्हणालास. मग राहून गेलं. लांब आहे रे हे. विमानात बसले तेव्हा मला कळलं, किती लांब आहे." मग ती त्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. घरातल्या माणसाला सांगावं तशी म्हणाली, "अण्णा, पुरे आता. दमलाय तो."

वेताची खुर्ची करकरली. कुणी हातावर जोर देऊन उठावं तशी. ऊन लागलं की वेत वाजतो, असं निखिल नंतर म्हणाला. ऊन त्या खिडकीत सकाळी येतं.

कुमुदताई तीन आठवड्यांनी परत गेली. जाताना मला सांगून गेली, त्याला जेवायला बोलवत जा. मी बोलवत असे. काका येत, गप्प जेवत, भांडी विसळून देत. कुणाला काही विचारत नसत. मंडळी मला म्हणायची, खांबेटे सुधारले बरं का. शनिवारी दुपारी आमच्या रस्त्यावर आता फक्त मोटरवे ऐकू यायचा. लेक पुन्हा त्या बाजूने सायकल फिरवू लागली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी बेल वाजली. दारात काका.

"मीनल, एक विचारू? तुला कधी ऐकू आला का? मधल्या काळात?"

"कोण, काका?"

"तो आवाज. मला येत नाही आता. काढून पाहिला. खाकरून पाहिलं, जाड करून पाहिला. माझाच येतो."

"बरं झालं ना, काका," मी म्हणाले. "चुकीचं भांडण होतं. मिटलं."

त्यांनी मान हलवली. आमच्या दारातल्या चपलांकडे बघत उभे राहिले. चष्मा काढून शर्टाला पुसला, पण परत लावला नाही.

"हो, मिटलं ते बरंच झालं," ते म्हणाले. "पण भांडायला का होईना, दर शनिवारी यायचे गं ते."