मन्मथ सरांचा धुरा

मन्मथ सरांच्या वाटेत कुणी आडवं आलं, तर सर त्याला बाजूला हो म्हणत नाहीत. तो नेमका कोणत्या प्रकारे आडवा आला आहे, हे आधी ठरवतात.

एकदा बाजाराच्या दिवशी आमच्या गल्लीत पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर बंद पडला. मागे मोटरसायकली खोळंबलेल्या, हॉर्नचा नुसता कल्ला. सर छत्री टेकवत पुढे गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "तुला ऑब्स्ट्रक्ट म्हणता यायचं न्हाई. त्याचा अर्थ समोर रचून ठेवणं. लॅटिन हाय. तू काय मुद्दाम रचलं न्हाईस. तू इम्पीड झालास. पेड म्हंजे पाय. पायात बेडी पडली की इम्पीड."

"सर, पायाला काय न्हाई झालं. डिझेल संपलंय."

सर विचारात पडले. मग "बघावं लागंल" म्हणून डिक्शनरी आणायला घरी गेले.

शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावच्या शाळेत सरांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. आमचं इंग्रजी काही सुधारलं नाही. "शब्द पाठ करू नको, त्याचं खानदान इचार," हे त्यांचं पालुपद मात्र अजून गावभर चालतं. पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या बापाला त्यांनी सांगितलं होतं, "वेडिंग म्हंजे मुळात जामीन राहणं. कुणाला जामीन राहून राहिलास, नीट बघ." तो बिचारा चहा न पिताच उठला.

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द बॉक. म्हणजे अडवणं, अडून बसणं. "लिहिताना मधी एल् हाय, पण त्यो तोंड उघडत न्हाई," असं सांगून ते फळ्यावर दोन वावरं काढायचे आणि मध्ये खडूनं जाड पट्टा. "इंग्लंडातबी आपल्यासारखेच शेतकरी. नांगरताना दोन रानांमधी पट्टी सोडायचे, तिला बॉक म्हणायचे. म्हंजे आपला धुरा. त्याच शब्दाचं पुढं अडवणं झालं." हा धडा कोणत्याच पुस्तकात नव्हता, पण दरवर्षी व्हायचाच.

आता पुढचं सांगायची मला लाज वाटते. सरांचं वावर आणि माझं वावर लागून आहे. मधला धुरा, म्हणजे बांध, माझ्या वडिलांच्या वेळी बैलगाडी जाईल एवढा रुंद होता. सरांचा गुडघा गेला, त्यांनी रान बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं कसायला दिलं आणि बघणारं कुणी उरलं नाही. दरवर्षी नांगरटीला ट्रॅक्टर आला की मी ड्रायव्हरला हळूच म्हणायचो, "थोडं दाबून घे." वर्षाला नांगराचं एखादं तास. आमच्याकडे याला चोरी म्हणत नाहीत, धुरा कोरणं म्हणतात, आणि जो तो कोरतो. होता होता धुरा वीतभर उरला.

गेल्या उन्हाळ्यात हॉटेलात चहा पिताना सरांनी चारचौघांत विचारलं, "उमाकांत, बॉक म्हंजे काय, आठवतंय का रे?"

मला वाटलं, टोमणा मारून राहिलेत. माझं डोकं फिरलं. "मला डिक्शनरी नका शिकवू सर. लईच वाटत असंल तर मोजणी आणा," मी म्हणालो. सर नुसतं "बरं" म्हणाले. त्या वर्षी मी राहिलेला धुराही नांगरला आणि त्यावर सोयाबीन पेरलं.

श्रावणात एका सोमवारी सकाळी सर दारात उभे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत मोजणीची नोटीस असणार, असं धरून मी भांडायची तयारी केली. पिशवीतून बेलाची पानं डोकावत होती.

"उमाकांत, तुझ्या सोयाबीनमधून जाऊ का रे? कडंकडंनं जाईन, पीक तुडवणार न्हाई. माझ्या बाजूला बटईदाराचा ऊस हाय, आत शिरता येत न्हाई. तीन सोमवार झाले, रस्त्यावरूनच माघारी आलो."

"कुठं जायचंय, सर?"

"तुझ्या काकूकडं."

आमच्यात माणूस गेलं की आपल्याच शेतात समाधी देतात. काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, समाधी सरांच्या वावराच्या पार टोकाला, लिंबाखाली आहे. त्यांना नेताना खांदा द्यायला मी होतो, आणि आम्ही त्या धुऱ्यावरूनच गेलो होतो. सर दर सोमवारी तिथं बेल वाहायला जातात, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. ट्रॅक्टर घालताना मला ते आठवलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. खरं म्हणजे आठवलं होतं.

सर, चुकलं माझं, ती वाट तुमचीच, एवढंच म्हणायचं होतं. पण समोरच्या ओट्यावर दोघंतिघं बसून ऐकत होते. मी म्हणालो, "हाव सर, जा की. त्यात इचारायचं काय?"

मोठ्या मनानं परवानगी दिली मी.

सरांनी काठी बगलेत धरली, पिशवी मनगटात अडकवली आणि मला दोन्ही हात जोडले.