ओहेमांच्या टेकुआखाली बसविलेल्या यंत्राची हकीकत

समुद्र साक्षी, वारा जासूद आणि मस्तक हेच रणांगण, ऐसी जी मोहीम अबुरानो मुक्कामी जाहली, तिचा साद्यंत करीना येणेप्रमाणे. यांत जे डोळ्यांनी पाहिले गेले ते पाहिले म्हणोन लिहिले आहे, जे ऐकिले गेले ते ऐकीव म्हणोन लिहिले आहे, आणि जे लोकांनी मागाहून पदरचे जोडिले, जैसे की यंत्रात पूर्वज येऊन बसले होते, ते तपासाअंती निराधार ठरले, सबब गाळिले आहे.

फांटे मुलखात ऐन समुद्रकाठी अबुरानो म्हणोन कसबा आहे. तेथील राणीमाता, तिकडील बोलीत ओहेमा, एसाबा दुसऱ्या, वयाने सत्तरीपार, बाणा कडक, जीभ तिखट. राजघराण्यातील बाईसही तिकडे ‘नाना’ म्हणोनच पुकारितात, त्याप्रमाणे अवघा कसबा त्यांस नाना म्हणे. अहोबाच्या, म्हणजे पूर्वजांस स्मरण्याच्या, सणास भर दरबारात त्यांचे मस्तकी टेकुआ चढे. टेकुआ म्हणजे केसांचा किल्लाच म्हणावा: जाळीवर काळ्या दोऱ्याने आवळोन उंच उठविलेला, सोन्याच्या जिनसा खोवलेला, आणि अग्रभागी कपाळाचे बरोबर मध्यावर सोन्याचा मासा, त्याचे तोंड पुढे. या किल्ल्याची किल्लेदारी ‘देव उशीर करीत नाही’ या केशालयाची मालकीण अराबा बेंट्सिवा इजकडे होती, आणि तिजपूर्वी तिचे आईकडे होती. अराबाचा लौकिक ऐसा जे, तिने बांधिलेला टेकुआ वादळात हलत नसे. आणि गिऱ्हाईकाच्या भुवयाही हलत नसत, हे तिचे दुष्मन सांगत.

ऐसा घट्ट बंद असता टाळूस खाज सुटते, हा निसर्गनियम आहे आणि त्यास दर्जा ठाऊक नाही. साधी वेणी घातलेली बाई तळहाताने डोके थोपटोन घेते, म्हणजे खाजही शमते आणि वेणीही शाबूत राहते. परंतु टेकुआवर थोपटणे म्हणजे तटावर थोपटणे. आत खबर पोहोचत नाही. एका हाताने किल्ला उचलावा आणि दुसऱ्या हाताचे बोट आत घालावे, हा एकच मार्ग, आणि त्यास दोन हात लागतात. गतसाली नानांनी भर दरबारात तो मार्ग पत्करिला, आणि तेथे अनर्थ जाहला.

कारण त्या मुलखात दोन्ही हात डोक्यावर गेले म्हणजे कोणी गेले, हा अर्थ तान्ह्या लेकरासही ठाऊक. लेकराने सहज हात नेले तरी आई मनगटावर चापटी देते. मग खुद्द राणीमातेचे दोन्ही हात वर गेलेले पाहोन मासळीवाल्या बायांनी जो आकांत मांडिला तो किनाऱ्यापर्यंत ऐकू गेला, आणि ढोलकऱ्यांनी सणाचा ताल सोडोन सुतकाचा धरिला, आणि पाहुणे अंमलदार टोप्या काढोन उभे राहिले, आणि गावचा सुतार शवपेटीचे माप घ्यावयास फीत काढोन पुढे आला. परंतु मेले कोण, हे कोणासच ठाऊक नव्हते. मग हजेरी घेता वडीलधारे क्वान्साह गैरहजर निघाले, आणि शे-दोनशे माणूस रडत त्यांचे घरी दाखल जाहले. क्वान्साह अंगात कसर म्हणोन घरी राहिले होते आणि तळलेल्या मासळीशी केंके, म्हणजे मक्याच्या आंबविलेल्या पिठाचे उंडे, खात होते.

त्या दिवसापासोन क्वान्साहांचे मनी ओहेमांविषयी अढी बसली. जित्या माणसास आपल्या पश्चात कोण किती रडेल याचा तपशील कळणे हितावह नसते. क्वान्साहांस तो कळला होता, आणि त्यांची सख्खी सून दारात उभी राहोन शेंगदाणे सोलीत होती. सबब यंदा सणापूर्वी त्यांनी वडीलधाऱ्यांची सभा भरविली आणि ठराव करविला. रोख ओहेमांवर आहे ऐसे दिसो नये म्हणोन त्याचे शब्द मोठ्या हुशारीने सर्वसाधारण ठेविले, ते ऐसे: दरबारात जो कोणी मयत नसता दोन्ही हात डोक्यावर नेईल, त्याने तेथून पुढे अहोबाचा सोहळा घराच्या खिडकीतून पाहावा. आणि ओहेमांचे हात गेल्यास टेकुआ बांधणारणीने राजमस्तकास पुन्हा हात लावो नये, हे कलम शेवटी जोडिले.

हे वर्तमान अराबास कळताच तिच्या पायांखालची वाळू सरकली. आईकडून आलेली किल्लेदारी खाजेपायी जाते, ऐसा प्रसंग. ती तडक नानांचे वाड्यावर गेली.

नाना म्हणाल्या, “सोपं आहे. दोरा सैल बांध.”

“नाना, दुसरं काहीही सांगा. सैल टेकुआ म्हणजे टोपी. माझी आई थडग्यातून उठून येईल.”

“येऊ दे. तिलाच विचारते, चाळीस वर्षं माझ्या डोक्याला काय समजत होती म्हणून.”

“सैल बांधणार नाही. पण हात वर जाणार नाहीत, हा शब्द माझा.”

शब्द दिला परंतु तजवीज नव्हती. तेव्हां मसलतीस तिचा दीर अम्पिया यास बोलाविले. हा शाळेत पदार्थविज्ञान शिकवी, सबब गावात त्यास मास्टर म्हणत. अराबाचा भाचा हॅम्बुर्गास असे. त्याने जुन्या कपड्यांचे पिंपातून एक यंत्र धाडिले होते, त्याचा उपयोग न कळल्याने ते केशालयात आरशामागे पडोन होते. त्याचे वर्णन: एक पोलादी कडे, डोक्यावर मुकुटासारखे बसे. कड्यास आठ बाहू, बाहूंस रबरी बोटे. बाजूस स्क्रू, तो फिरविता कड्याचा घेर बाळाच्या डोक्यापासोन बैलाच्या डोक्यापर्यंत कमीजास्त होई. मागे चावी, ती भरिली म्हणजे रबरी बोटे टाळू चोळू लागत, आणि एक खटका, तो ओढिता यंत्र सुरू, पुन्हा ओढिता बंद.

मास्टर यंत्र उलटेसुलटे करोन पाहात होते. अराबास एकाएकी सुचले.

“मास्टर, हे टेकुआच्या खाली बसवलं तर?”

“खाली म्हणजे?”

“डोक्यावर हे, ह्याच्यावर टेकुआ. खटक्याला दोरी, दोरी पाठीवरून लुगड्याखालून नानांच्या बोटाला. खाज आली की ओढायचं.”

मास्टरांनी यंत्र खाली ठेविले आणि म्हणाले, “वहिनी, तू मुलगा असतीस तर तुला मी भौतिकशास्त्राला घातलं असतं.”

“आणि मी तुझे केस विंचरले असते. असते तर.”

मास्टरांचे मस्तक पूर्ण तुळतुळीत होते, आणि मोहिमेतील पहिली चूक येथेच जाहली, कारण यंत्राची परीक्षा त्यांनी त्याच मस्तकावर घेतली. स्क्रू कमी पिळिता कडे निसटे, जास्त पिळिता डोळ्यांपुढे काजवे. मध्यावर एक जागा सापडली जेथे बोटे कोरड्या कातडीस धरोन उत्तम चोळीत. ती जागा त्यांनी खडूने खूण करोन ठेविली आणि म्हणाले की आता यात फरक पडण्याचे काही कारण नाही. कारण होते; ते केशालयाचे फळीवर डब्यात भरोन ठेविले होते.

सणाचे सकाळी अराबाने नानांचे मस्तक हाती घेतले. त्या मुलखाचा रिवाज ऐसा की केस बांधण्यापूर्वी टाळूस शियाचे लोणी, म्हणजे त्या झाडाच्या बियांची घट्ट चरबी, चोळावे. ज्या डोक्यावर माया त्यावर हात सढळ. यंदा तर किल्लेदारीचा प्रश्न, तेव्हां अराबाने दुप्पट चोळिले. मग कडे चढविले, स्क्रू खडूच्या खुणेवर आणिला, चावी भरपूर दिली, आणि वर टेकुआ आपल्या रीतीने आवळोन बांधिला, ऐसा की कडे आणि किल्ला एकजीव जाहले. किल्ला कड्यास घट्ट, कडे मस्तकास ढिले, आणि मधे लोणी. जाणत्यांनी पुढील परिणाम येथेच ताडावा.

दरबार भरला. समोर ढोल, उजवे हाती समुद्र आणि कोळ्यांचा जमाव, पाठीशी पूर्वजांच्या आसनांची खोली, डावे हाती वडीलधाऱ्यांचा बाक, त्यावर मध्यभागी क्वान्साह, नजर नानांच्या हातांवर खिळविलेली. ओहेमा दरबारात स्वतः बोलत नाहीत. त्यांचा शब्द त्यांचा भाष्यकार ओक्येआमे ओटू सोन्याच्या मुठीची काठी घेवोन लोकांस सांगे. अराबा खुर्चीमागे छत्री धरोन उभी.

पूर्वजांस मद्याची धार सोडितेवेळी खाज आली. नानांनी करंगळीने दोरी ओढिली. यंत्र सुरू जाहले. बोटांनी टाळू धरू पाहिली, लोणी लागले, बोटे घसरली, आणि टाळू जागेवर राहोन कडेच फिरो लागले. कड्यासवे अवघा किल्ला. गती फार नव्हती. घड्याळाच्या मोठ्या काट्याहून जलद, छोट्या पंख्याहून बहुत सावकाश. सोन्याचा मासा कपाळावरून निघोन उजव्या भुवईवर आला, आणि मग कानाच्या दिशेने कूच करिता जाहला. चेहरा मात्र समोरच.

अराबाने पाहिले आणि तिच्या हातातील छत्री कलली.

“नाना,” ती कुजबुजली, “बंद करा.”

“ओढतेय. होत नाही. दोरी कुठंतरी गेली.”

दोरी कोठेही गेली नव्हती. कडे फिरिता ती टेकुआच्या दोऱ्यांत गुंतोन अडकली होती, आणि खटका आता ओढला जाणे शक्य नव्हते. नाना हात वर नेवोन टेकुआ धरतील तर ठराव लागू. न धरतील तर मासा हिंडतो. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरिले.

तोवर लोकांस मासा दिसला होता. ओटूंनी राणीमातेचे चेहऱ्याकडे पाहिले, मग माशाकडे पाहिले, मग मागे वळोन अराबास पुसिले, “हे काय आहे गं?”

“काका, काहीतरी बोला. काहीही.”

ओटू तीस वर्षे राजशब्दाचे भाष्य करीत आले होते, आणि त्यांतील निम्मे शब्द कोणी बोललेच नव्हते. त्यांनी काठी आपटिली आणि जाहीर केले जे, ओहेमांची कृपा समुद्राकडे वळली आहे. होड्यांस बरकत होवो. कोळ्यांनी जल्लोष केला. मासा पुढे निघाला. पाठीशी पोहोचला तेव्हां ओटूंनी जाहीर केले जे, ओहेमा पूर्वजांस वंदन करितात आणि त्यांचे तोंड मात्र प्रजेकडेच राहते, ऐसा सन्मान याअगोदर कोणी केला नाही. यांत खोटे काहीच नव्हते. म्हाताऱ्या बायांनी डोळे पुसिले.

मग चावी उतरो लागली आणि किल्ल्याची चाल मंदावली. मासा डाव्या अंगाने हळूहळू पुढे आला, वडीलधाऱ्यांचे बाकावरून एकेक तोंड न्याहाळीत सरकला, आणि क्वान्साहांसमोर येवोन उभा राहिला. स्प्रिंग संपली होती. नानांचे तोंड ढोलांकडे, आणि किल्ल्याचे तोंड क्वान्साहांकडे. दरबारही माशामागोमाग वळला आणि क्वान्साहांकडे पाहू लागला. ओटूंनी भाष्यासाठी काठी उचलिली.

क्वान्साह वर्षभर ज्या हातांवर पहारा देत होते ते खुर्चीवरोन हलले नव्हते, आणि ज्याचा पहारा कोणीच ठेविला नव्हता तो टेकुआ त्यांस शोधीत पाऊण दरबार फिरोन आला होता. त्यांचा धीर सुटला. “देवा रे,” इतकेच बोलोन त्यांनी दोन्ही हात आपल्याच डोक्यावर नेले.

बस. मासळीवाल्या बायांनी आकांत मांडिला, आणि ढोलकऱ्यांनी सुतकाचा ताल धरिला, आणि सुतार सवयीने उठोन बाकाजवळ आला.

“काका,” तो अदबीने म्हणाला, “यंदा तरी नक्की ना?”

गलबला शमल्यावर नानांनी ओटूंस जवळ बोलावोन दोन शब्द सांगितले, आणि ओटूंनी ते मोठ्याने जाहीर केले: राणीमाता विचारतात, कोण गेले? मयत नव्हती, हात मात्र वर होते, आणि ठरावाचे शब्द सर्वसाधारण होते. क्वान्साहांनीच ते सर्वसाधारण ठेविले होते. सभेने तेथेच निवाडा केला, आणि वडीलधारे क्वान्साह यांस पुढील अहोबापासोन खिडकी मुक्रर जाहली. खिडकीस पडदा कोणता लावावा हे त्यांच्या सुनेने त्याच दिवशी ठरविले, ही वार्ता ऐकीव आहे.

वाड्यावर परतल्यावर अराबाने टेकुआ सोडिला, लोण्याने माखलेले यंत्र बाहेर काढिले आणि मास्टरांपुढे ठेविले. मास्टरांनी खडूची खूण पाहिली, बोटास लागलेले लोणी पाहिले, आणि म्हटले, “वहिनी, डब्यातलं हे तू मला सांगितलं नाहीस.”

“तुझ्या डोक्याला त्याची कधी गरज पडली?”

मग मास्टरांनी शास्त्राचे दृष्टीने आवश्यक तो प्रश्न नानांस केला, जे यंत्राने खाज कितपत शमली.

“खाज?” नाना म्हणाल्या. “अरे, डोक्यावरचं डोकं चालायला लागलंय हे कळल्यावर खाजवायची शुद्ध कुणाला होती? दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते मी.”

सबब यंत्राचे गुणाविषयी निष्कर्ष काढिता येत नाही. भीतीने खाज थांबते, हे मात्र एका मस्तकापुरते सिद्ध आहे.

पुढील आठवड्यात कसब्यातील अर्ध्या बाया केशालयात आल्या आणि टेकुआ कानाकडे तोंड करोन बांधून मागू लागल्या. अराबाने तोही घट्टच बांधिला. नानांनी तिला बोलावोन घेतले.

“पुढच्या सणाला काय करायचं? सैल बांधशील?”

“नाही, नाना.”

“मग यंत्र बसव.” नानांनी डोक्यावरून हात फिरविला, एकच, आणि तोही घरात. “फक्त चावी देऊ नको. नुसता धाक पुरे.”

येणेप्रमाणे अबुरानोची मोहीम समाप्त जाहली. शत्रू खिडकीत गेला. राजहस्त खुर्चीवर राहिले. किल्लेदारी अराबा बेंट्सिवा इजकडे कायम. खाज अजिंक्य राहिली, तरी तिजवर फत्ते जाहली ऐसे दरबारी नोंदले गेले, आणि नोंद करणारे ओक्येआमे ओटूच असल्याने त्याविषयी वाद उरला नाही.